वन बीएचकेमध्ये वाजेल असा गिटार ॲम्प कसा निवडायचा

इलेक्ट्रिक गिटार घेतली की महिन्याभरात पुढचा प्रश्न येतोच: ॲम्प (तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) कुठला घेऊ? विचारणारा बहुतेक वेळा वॅटचा आकडा धरूनच विचारतो. "वीसचा पुरेल की पन्नासचा घेऊ? एकदाच काय तो मोठा घेऊन टाकतो." मुंबईच्या घरात हा हिशेब चुकतो. कसा चुकतो ते मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

आमचं घर गोरेगावला, तिसऱ्या मजल्यावर. माझा पहिला ॲम्प शंभर वॅटचा, बारा इंची स्पीकरचा, सेकंडहँड. संध्याकाळी घरी आणून जोडला. व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर होता तोवर काहीच नाही. जरा पुढे सरकवला, एकच्या खुणेच्याही अलीकडे, आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या वाट्या वाजायला लागल्या. मागे घेतला तर आवाज गायब, नुसती तारेची सुकी टिकटिक. मधली जागाच नव्हती. केसभर इकडे की खोली दणाणते, केसभर तिकडे की काही ऐकू येत नाही. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. रागावल्या नव्हत्या. सासऱ्यांना बरं नाही आणि त्यांच्या पलंगाला हादरे जाणवतायत, एवढंच म्हणाल्या. चार महिन्यांनी मी तो ॲम्प विकला. त्या चार महिन्यांत रियाज जवळजवळ झालाच नाही, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ॲम्प घ्यायला निघालं की मी सोबत जाते आणि एकच गोष्ट सांगते. आपल्या घरात जेवढा आवाज चालतो, तेवढ्याच आवाजात जो ॲम्प गोड वाजतो तो घ्या. मोठ्या आवाजात जवळजवळ सगळेच ॲम्प छान वाजतात. खरी परीक्षा हळू वाजवतानाच होते.

आधी घर बघा, मग दुकान

दुकानात जायच्या आधी एक दिवस घरात नीट कान देऊन बसा. तुम्ही खरोखर कधी वाजवणार? सकाळी सात ते साडेसात, की ऑफिसातून आल्यावर रात्री साडेनऊला? दुपारी दोन ते चार वरच्या आजी झोपतात का? कुठली भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे? ज्या खोलीत वाजवणार तिथे पडदे, गादी, कपड्यांचं कपाट आहे, की नुसत्या टाइल्स आणि मोकळ्या भिंती? मोकळ्या खोलीत आवाज घुमतो, गादी-पडद्यांच्या खोलीत तो मऊ होतो. बेडरूमचा कोपरा हॉलपेक्षा बरा ठरतो तो यामुळेच.

कायद्याचा आकडाही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे, तुमच्या खोलीतल्या नव्हे. तरी अंदाज येतो: आपण साधं बोलतो तेच मीटरभर अंतरावर 60 डेसिबलच्या आसपास भरतं. रात्री दहानंतर स्पीकर बंद आणि हेडफोन चालू, हे आमच्या घरात तरी ठरलेलं आहे.

मोबाईलवर आवाज मोजायची फुकट ॲप मिळतात, साधारण अंदाजाला ती पुरतात. माझं माप मात्र त्याहून सोपं आहे. वाजवताना दारावरची बेल ऐकू आली पाहिजे, आणि खोलीत आलेल्या माणसाला आवाज न चढवता माझ्याशी बोलता आलं पाहिजे. दुकानातही हेच माप वापरायचं आहे, ते लक्षात ठेवा.

वॅटचं गणित

हे एकदा समजलं की दुकानातली निम्मी गडबड संपते. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढाच. कानाला आवाज "दुप्पट" वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दसपट करावे लागतात. म्हणजे शंभर वॅटचा ॲम्प दहा वॅटच्या ॲम्पपेक्षा कानाला फक्त दुप्पट मोठा. वीस आणि चाळीस वॅटमधला फरक तर घरात विसरूनच जा.

आता दुसरी बाजू. गिटारचे स्पीकर फार जोरकस असतात. मोठ्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर एका वॅटवर, मीटरभर अंतरावर, 97 ते 100 डेसिबलपर्यंत आवाज देतो. मधला 98 धरा. वॅटचा शंभरावा भाग दिला तरी 78 डेसिबल निघतात, आणि वन बीएचकेमध्ये 78 हा मोठा आवाज झाला. तुम्ही घरात पन्नास वॅटच्या ॲम्पमधून वॅटचा शंभरावा भागसुद्धा नीट वापरत नसता. छोट्या ॲम्पचा तीन-चार इंची स्पीकर इतका जोरकस नसतो, म्हणून त्याचा नॉब तीन-चारवर ठेवता येतो आणि आवाज हव्या त्या जागी थांबवता येतो. माझ्या पहिल्या ॲम्पमध्ये नेमकी हीच सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट आपल्या कानांची. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की आवाज कमी झाला की माणसाला खर्ज फारच कमी ऐकू येतो, आणि अगदी वरचे सूरही काहीसे मागे पडतात. मधलेच सूर तेवढे पुढे राहतात. दुकानात भरदार वाटलेला ॲम्प घरी हळू लावल्यावर पत्र्याच्या डब्यासारखा का वाटतो, याचं मोठं कारण हे आहे. ॲम्प बिघडलेला नसतो. घरी बासचा, म्हणजे खर्जाचा, नॉब थोडा वाढवावा लागतो, आणि काही घरगुती ॲम्प कमी आवाजात भरलेले वाटावेत म्हणूनच घडवलेले असतात.

गिटार कुठली, ते आधी सांगा

हा टप्पा छोटा आहे, पण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाची, करकर त्यामुळेच सुसह्य होते. पण तुमची गिटार पिकअप (तारांचा कंप टिपून ॲम्पकडे पाठवणारं साधन) लावलेली अकूस्टिक, म्हणजे पोकळ लाकडी, असेल, तर त्याच ॲम्पमधून ती दबलेली, घशातून बोलल्यासारखी ऐकू येते. तिला ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) असलेला अकूस्टिक ॲम्प लागतो. आणि घरात अकूस्टिक वाजवायला मुळात ॲम्प लागतो का, हेही स्वतःला विचारा. बहुतेकांना लागत नाही. बास गिटारला वेगळाच ॲम्प हवा. गिटारच्या छोट्या ॲम्पवर बास जोरात वाजवली तर स्पीकरचा कागद फाटू शकतो.

ॲम्पच्या जाती

ट्यूब ॲम्पचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आजोबांच्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह त्यात असतात. त्यांना जोर लावला की आवाज हळूहळू फाटत जातो, आणि ते फाटणं कानाला गोड लागतं. त्याच्यासाठीच लोक वेडे होतात. मीही होते. पण पॉवर व्हॉल्व्हची ती गोडी ॲम्प चढवल्यावर येते, आणि पाच वॅटचा ट्यूब ॲम्पसुद्धा चढवला तर अख्ख्या मजल्याला ऐकू जातो. शिवाय तो जड असतो, गरम होतो, व्हॉल्व्ह बदलावे लागतात, आणि स्पीकर न जोडता चालू केला तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत काहीशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात, म्हणून मागचं झाकण स्वतः कधीही उघडू नका. घरातला पहिला ॲम्प म्हणून मी ट्यूबचा सुचवत नाही.

सॉलिड स्टेट म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा. साधा, हलका, वर्षानुवर्षं टिकणारा. ऑरेंज कंपनीच्या क्रश मालिकेतले छोटे ॲम्प या जातीचे. ज्यांना चार नॉब पुरे आहेत आणि स्क्रीन-ॲपच्या भानगडीत पडायचं नाही, त्यांनी हा घ्यावा. क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज स्वच्छ मिळतो. डिस्टॉर्शन मात्र नीट ऐकून घ्या, स्वस्त ॲम्पमध्ये ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गुणगुणतं.

मॉडेलिंग ॲम्पमध्ये एक छोटा संगणक वेगवेगळ्या ॲम्पचा आवाज तयार करतो. रिव्हर्ब, डिले, कोरस असे आवाजाला घुमारा-प्रतिध्वनी देणारे इफेक्ट आतच असतात, हेडफोनची सोय असते, आणि हळू आवाजातही फाटलेला आवाज छान येतो, कारण ते फाटणं स्पीकरच्या जोरावर अवलंबून नसतं. आपल्या घरांसाठी ही जात सगळ्यात सोयीची, असं माझं ठाम मत आहे. यामाहाने 2011 मध्ये टीएचआर आणला तो टेबलावर ठेवून वाजवण्यासाठीच, दोन छोटे स्पीकर आणि हळू आवाजाची सवय घेऊन. बॉस कटाना 50 ला बारा इंची स्पीकर असला तरी पॉवर अर्ध्या वॅटवर आणायची सोय आहे. कधीमधी मित्रांबरोबर ड्रम्सच्या जोडीने वाजवायचं असेल तर तो दोन्हीकडे चालतो. पण वजन अकरा किलोंच्या पुढे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये तो घेऊन चढायचं आहे, हे घेण्याआधी डोळ्यांसमोर आणा. रोलंड मायक्रो क्यूब सहा पेन्सिल सेलवरही चालतो आणि गच्चीवर नेता येतो. अगदीच जागा नसेल तर ब्लॅकस्टार फ्लाय 3 पुस्तकांच्या फळीवर मावतो.

चौथा मार्ग म्हणजे ॲम्पच न घेणं. गिटारच्या जॅकमध्ये खोचायचे हेडफोन ॲम्प मिळतात, व्हॉक्स ॲमप्लग किंवा फेंडर मस्टँग मायक्रोसारखे. घरात लॅपटॉप असेल तर ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी) घेऊन ॲम्पचं सॉफ्टवेअर वापरता येतं, न्यूरल ॲम्प मॉडेलर तर फुकट आहे. इंटरफेसला गिटारसाठीचं इन्स्ट्रुमेंट इनपुट आहे ना ते बघा, आणि तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर दहा मिलिसेकंदांच्या आत ठेवा, नाहीतर बोटं अडखळतात. पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांना, एका खोलीत चौघं राहणाऱ्यांना मी हेच सांगते. फक्त रोज तासन्तास हेडफोन लावून कानांवर अत्याचार करू नका.

पाठीमागची भोकं तपासा

ॲम्पच्या मागचं पॅनेल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हेडफोनचं सॉकेट हवंच, आणि हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का ते दुकानातच करून बघा. गाण्याबरोबर वाजवायला ऑक्स (फोन वायरने जोडायचं सॉकेट) किंवा ब्लूटूथ हवं. ब्लूटूथ गाणं आत घ्यायला ठीक आहे, पण गिटार ऐकायला ब्लूटूथ हेडफोन चालत नाहीत, आवाज मागे पडतो. वायरचे, कान झाकणारे हेडफोन घ्या. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब), व्हॉल्यूम आणि मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) वेगवेगळे असतील तर हळू आवाजातही हवा तेवढा फाटलेला सूर मिळतो. एकच व्हॉल्यूम असलेल्या ॲम्पमध्ये ती मुभा नसते.

ॲडॅप्टरवर चालणारा ॲम्प असेल तर व्होल्ट आणि प्लस-मायनसची दिशा वाचून घ्या. गिटारच्या बऱ्याच पेडलमध्ये (पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्यांत) मधली पिन मायनस असते. घरातला कुठला तरी जुना ॲडॅप्टर खोचणं महागात पडतं.

दुकानात

धोबीतलावला जेर महाल इमारतीतलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान जुनं, मूळ कंपनी 1865 ची. मरीन लाइन्सहून किंवा सीएसएमटीहून चालत जाता येतं. दुकान कुठलंही असो, शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. त्या गर्दीत हळू आवाज ऐकूच येत नाही. आठवड्यातल्या सकाळी जा, आणि स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानातली महाग गिटार कुठल्याही ॲम्पला चांगलं दाखवते.

विक्रेता ॲम्प लावून देईल आणि आवाज चढवेल. त्याला नम्रपणे सांगा, "दादा, मला घरच्या आवाजात ऐकायचंय." सगळे टोनचे नॉब मध्यावर, रिव्हर्ब आणि इफेक्ट बंद. आता आवाज इतका खाली आणा की सोबतच्या माणसाशी सहज बोलता येईल. या आवाजात पाचेक मिनिटं वाजवा. आधी सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार एकटी, मोकळी. खर्जाचा सूर कळतो की नुसती धप ऐकू येते? मग एक पूर्ण कॉर्ड (सगळ्या तारा एकत्र) हळू, एक जोरात. हाताचा जोर बदलला की आवाज बदलला पाहिजे. दोन्ही सारखेच ऐकू आले तर त्या ॲम्पवर हात तयार होणार नाही, आणि नवशिक्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. मग व्हॉल्यूमचा नॉब शून्यापासून अगदी सावकाश फिरवा. आवाज पायरीपायरीने वाढतो की उडी मारतो? शेवटी वाजवणं थांबवा आणि शांतपणे ऐका. सस्स् असा बारीक आवाज सगळ्याच ॲम्पला थोडा असतो, पण रात्रीच्या शांततेत तो त्रास देईल का, ते इथेच ठरवा.

दोन ॲम्पमध्ये मन अडकलं तर पाठ फिरवून उभे राहा आणि सोबतच्याला आलटून पालटून वाजवायला सांगा. डोळे नाव वाचत नसले की कान मोकळे होतात.

सेकंडहँड घेताना अर्धा तास चालू ठेवून मगच बोला. प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका. ती बऱ्याचदा नुसत्या धुळीची असते आणि लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या काँटॅक्ट क्लीनरच्या स्प्रेने जाते. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर सोल्डरिंग करून घ्यावं लागेल, किंमत तशी कमी करा. सहावी तार जोरात वाजवल्यावर स्पीकर फरफरत असेल तर सोडून द्या. आणि मागे लावलेली पट्टी वाचा. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला ॲम्प 120 व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे 230 आहे, सरळ लावला तर जळेल.

विजेचं

घूंऽऽ असा सतत आवाज ही घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. तारांना हात लावल्यावर तो कमी होत असेल तर बाहेरची खरखर गिटार पकडते आहे, किंवा घरातलं अर्थिंग कच्चं आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा. आमच्याकडे पंखा दोनवर असला की सिंगल कॉईल (एकाच वेटोळ्याचं) पिकअप बोलायला लागतं, पूर्ण वेगावर ठेवला की गप्प. गिटार घेऊन जागच्या जागी थोडं फिरलं तरी फरक कळतो.

आवाज जावा म्हणून प्लगची तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे, कारण गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि तुमचे हात तारांवर असतात. जुन्या इमारतीत राहत असाल तर ॲम्प आणायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

केबल तीन मीटरची पुरे. लांब केबलमध्ये वरचे सूर मंदावतात, आणि छोट्या खोलीत ती पायात येते. ॲम्पच्या पैशांतून थोडे चांगल्या केबलसाठी राखून ठेवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ॲम्प खिडकीपासून आणि बाहेरच्या ओल्या भिंतीपासून लांब ठेवा. बंद करून ठेवला तर बुरशी येते. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास वाजवला की आतली ओल सुकते. प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, दम कोंडतो. सुती चादर बरी.

ठेवायचा कुठे

ॲम्प जमिनीवर ठेवू नका. स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत पुढे जातात. ॲम्प खाली असला की ते गुडघ्यांवर आदळतात आणि आपल्या कानाला आवाज बोथट वाटतो. मग आपण ट्रेबल वाढवतो, व्हॉल्यूम वाढवतो, आणि तेवढ्या वेळात खर्ज लादीतून खाली उतरत असतो. कोपऱ्यात ठेवला तर खर्ज आणखी फुगतो. कानाच्या उंचीला, तोंड आपल्याकडे, भिंतीपासून हातभर पुढे, ही त्याची जागा.

नवा ॲम्प घेतल्यावर मी बहिणीच्या हातात गिटार दिली, काकूंची परवानगी घेतली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बहिणीला फोनवर सांगत होते. ॲम्प लादीवर होता तेव्हा गाणं अजिबात कळत नव्हतं, फक्त सहाव्या तारेची धप धप छतातून येत होती, आणि तीच जास्त छळणारी होती. मग तिने तो लाकडी स्टुलावर ठेवला. धप निम्म्यावर आली. स्टुलाखाली सतरंजीची चौपदरी घडी घातली, बासचा नॉब सहावरून चारवर आणला. काकूंनी तोवर कुकर लावला होता, त्याची वाफ सुरू झाली आणि मला वरचं काहीच ऐकू येईना. मी फोनवर विचारलं, "थांबलीस का?" ती म्हणाली, "नाही गं, वाजवतेय."